आखडलेल्या पायांची गोष्ट

दोन्ही नोटिसा एकाच टपालानं आल्या. पोस्टमननं दोनदा सही घेतली आणि "दादा, काय भानगड केलीत?" असं विचारलं, तेव्हा दादांच्या एका हातात म्हाताऱ्याचा टोप होता आणि दुसऱ्या हातात बारीक दातांचा कंगवा. पंचवीस वर्षं सिनेमात मेकअप करणाऱ्या या माणसाला सेटवर लहानथोर सगळे 'दादा' म्हणत, आणि हळूहळू गल्लीनंही तेच नाव उचललं होतं. तरुणांना म्हातारं करायचं आणि म्हाताऱ्यांना तरुण, हा त्यांचा धंदा. कोर्टाशी त्यांचा आजवरचा संबंध एवढाच, की तीन सिनेमांत न्यायाधीशांच्या भुवया त्यांनी चिकटवल्या होत्या.

"वाच गं जरा," ते बायकोला म्हणाले. "माझा चष्मा कुठल्यातरी दाढीच्या डब्यात गेलाय."

बायको शाळेत ग्रंथपाल होती. कुठलाही कागद ती आधी उलटसुलट करून बघायची आणि मगच वाचायची. पहिली नोटीस हीरोच्या वकिलीणबाईंची होती. दिग्दर्शकानं टीव्हीवरच्या मुलाखतीत आमच्या अशिलाला 'दुसऱ्याच्या डोक्यातलं उचलून स्वतःच्या नावावर खपवणारा' म्हटलं, त्यामुळे त्यांची घोर बदनामी झाली. वास्तविक या गाजत असलेल्या सिनेमाची कथा आमच्या अशिलांनीच मेकअपच्या खोलीत दिग्दर्शकाला ऐकवली. त्या वेळी तिथे तिसरे फक्त तुम्ही होता. सबब साक्षीला यावं.

दुसरी नोटीस दिग्दर्शकाच्या वकिलांची, कथेच्या श्रेयाच्या दाव्याबद्दल. मजकूर जवळजवळ तोच, फक्त ऐकवणारा आणि ऐकणारा यांची अदलाबदल झालेली. 'तिसरे फक्त तुम्ही' हे दोन्हीकडे सारखंच होतं.

"दोघंही म्हणतात गोष्ट माझी," बायको म्हणाली. "आणि दोघांचेही साक्षीदार तुम्ही. बरं मग, खरी कोणाची?"

दादांनी कंगवा खाली ठेवला. बाहेरच्या खोलीच्या दाराकडे बघितलं. तिथे सासरेबुवा पेपर वाचत बसले होते. दादांचा आवाज एकदम खाली गेला.

"अगं, तो सिनेमा. बुटांचा."

बायकोच्या हातातून नोटीस गळून टोपावर पडली. "अहो! तुम्ही बाबांची गोष्ट सांगितलीत?"

आता ही बाबांची गोष्ट काय, ते सांगायला हवं.

सासरेबुवा वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. तीस वर्षं दुकानदारांचे काटे आणि मापं तपासून त्यांची अशी खात्री झाली होती, की जगात चुका होतात, पण त्या इतरांच्या. बारा वर्षांपूर्वी ते एका व्याख्यानाला गेले. सभागृहात नवा गालिचा होता, म्हणून सगळ्यांना बूट बाहेर काढायला लावले होते. घरी परतल्यावर बूट सैल वाटू लागले. कोणीही म्हणेल, बदलले असतील. सासरेबुवांनी मात्र बूट उलटेपालटे करून पाहिले. तोच तपकिरी रंग, तेच दुकान, तीच टाच. तळावरचा आकडा झिजून गेलेला. "बूट काही वाढत नाही," ते म्हणाले. "म्हणजे पाय आखडलेत."

मग तीन महिने उपचार चालले. गरम पाण्याचा शेक, मालिश, बोटं ताणायचे व्यायाम आणि दर आठवड्याला पायाच्या डॉक्टरांकडे फेरी. एका वहीत रोज सकाळी पायाचं माप आणि बुटात उरणारी फट यांची नोंद. आणि एक दिवस दादा त्यांना घेऊन दवाखान्यात गेले असताना बाकावर बसल्या बसल्या त्यांना बाहेरच्या मांडणीत तपकिरी बुटांचे दोन जोड दिसले. अगदी एकसारखे. थोड्या वेळानं आतून एक स्थूल गृहस्थ आले. समोर आला तो जोड त्यांनी पायात घातला, चार पावलं टाकली आणि ओरडले, "उतरली! डॉक्टर, सूज उतरली!" ते गेले. मागोमाग सासरेबुवा आले, उरलेला जोड घातला आणि तेही ओरडले, "बसले! जावईबापू, घट्ट बसले! पाय पूर्ववत झाले!"

डॉक्टरांनी दोघांचे आभार नम्रपणे स्वीकारले. बाकावरच्या दादांच्या डोक्यात मात्र लख्ख प्रकाश पडला. घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं. ती पोट धरून हसली आणि मग गंभीर होऊन म्हणाली, "बाबांना आयुष्यात कधी कळता कामा नये. चूक त्यांची होती हे कळलं तर ते खचून जातील. शपथ घ्या."

दादांनी शपथ घेतली. बाबांना सांगायचं नाही, एवढीच. इतरांना सांगायचं नाही, असं काही त्यात नव्हतं. निदान दादा स्वतःची समजूत तशी घालत. कारण त्यांचा धंदाच असा, की समोरच्याचा चेहरा अर्धा अर्धा तास स्थिर राहायला हवा. चेहऱ्याला करमणूक लागते. म्हणून दादा गोष्टी सांगत. तोंड त्यांचं चालायचं, हात त्यांचा चालायचा आणि समोरचा गप्प बसायचा.

मेकअपच्या खोलीतल्या त्या सकाळीही तेच झालं होतं. एका खुर्चीत हीरो, डोळे मिटलेले, वरच्या ओठाला ताजा गोंद लावलेला. ओठ हलला की मिशी वाकडी, म्हणून बोलायची सक्त मनाई. शेजारच्या खुर्चीत दिग्दर्शक, डोक्याला टॉवेल, डोळे घट्ट मिटलेले. त्या टॉवेलखाली काय होतं हे जगात दादा आणि दिग्दर्शक दोघांनाच ठाऊक. दर तीन आठवड्यांनी दादा त्याचे पांढरे केस गुपचूप काळे करून देत. रंग लावला की वीस मिनिटं त्यानंही तोंड उघडायचं नाही, नाहीतर कपाळावरून ओघळ तोंडात. दोघं असे गप्प बसलेले, आणि दादांनी बुटांची गोष्ट रंगवून सांगितली. दोन वर्षांनी तिचा सिनेमा निघाला. अकरा आठवडे झाले, तिकिटं मिळत नव्हती. दोघांनाही अगदी प्रामाणिकपणे वाटत होतं, की ही आपल्याच डोक्यातून निघाली. कारण ऐकताना दोघांचेही डोळे मिटलेले होते, आणि डोळे मिटून ऐकलेलं माणसाला आपलंच वाटतं.

"मग खरं ते सांगून टाका ना," बायको म्हणाली. "गोष्ट मी सांगितली म्हणा. नाव तरी येईल पडद्यावर."

"आणि बाबांना कळलं म्हणजे?"

"मग नका सांगू."

"आणि साक्षीला गेलो नाही म्हणजे?"

"मग जा."

"जाऊन काय सांगू?"

बायकोनं कपाळाला हात लावला. "मला काही समजेनासं झालंय," ती म्हणाली. "आधी तुमचा चष्मा शोधू या."

दोन्ही वकिलांची ऑफिसं नेमकी एकाच इमारतीत निघाली. तिसऱ्या मजल्यावर हीरोच्या वकिलीणबाई, चौथ्यावर दिग्दर्शकाचे वकील. दादा आधी तिसऱ्यावर गेले.

"माझे अशील त्या दिवशी बोलत होते की नाही?" वकिलीणबाईंनी विचारलं.

"ओठाला गोंद होता हो. बोलतील कसे?"

"काहीच आवाज केला नाही?"

दादांनी आठवून पाहिलं. "एकदा 'हूं' म्हणाले."

"म्हणजे बोलले."

"हूंला बोलणं म्हणतात?"

"कायद्यात म्हणतात," वकिलीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी कागदावर उतरवलं, की कथाकथन चालू असताना माझ्या अशिलांच्या मुखातून ध्वनी येत होता. "यात काही खोटं आहे का?"

तसं पाहिलं तर खोटं नव्हतं. दादांनी सही केली.

चौथ्या मजल्यावर चहा मिळाला. "माझे अशील हसले?" तिथल्या वकिलांनी विचारलं.

"तोंडानं नाही. खांदे हलत होते."

"गोष्टीच्या नेमक्या कुठल्या जागी?"

"गोष्टीतला मुख्य माणूस म्हणतो ना, बूट वाढत नाही म्हणजे पाय आखडले, तिथे."

"म्हणजे स्वतःच्याच विनोदावर माणूस जसा हसतो, तसे."

"असेल बुवा."

तेही कागदावर उतरलं आणि दादांनी तिथेही सही केली. जिना उतरताना त्यांना हलकं वाटत होतं. कोणालाच दुखावलं नाही, दोघांकडचं काम शाबूत राहिलं आणि बाबांचं नावही कुठे आलं नाही. दुसऱ्या मजल्यावर आल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपण एका प्रतिज्ञापत्रात हीरोनं गोष्ट सांगितली असं सुचवलंय आणि दुसऱ्यात दिग्दर्शकानं. त्यांचे पाय जागीच थबकले. परत वर जावं की खाली, हेच सुचेना. मधेच एक शिपाई फायली घेऊन आला आणि "वाटेत उभे राहू नका," म्हणाला, म्हणून ते खाली गेले.

घरी पोचतात तो दारातच बायको उभी. चेहरा उतरलेला. "बाबा सिनेमाला गेलेत," ती कुजबुजली.

"कुठल्या?"

"विचारताय काय!"

दुपारी साडेचारला सासरेबुवा आले. काठी कोपऱ्यात ठेवली, पाणी प्यायले, खुर्चीत ताठ बसले. दादा आणि बायको समोर उभे, शाळेतून तक्रार आलेल्या मुलांसारखे.

"सिनेमातला तो मुख्य माणूस पाहिलात?" सासरेबुवा म्हणाले. "तो मी आहे."

"छे हो बाबा! काहीतरीच!"

"काहीतरीच नाही. शेक, मालिश, वही, सगळं माझं. आणि शेवटी काय दाखवलंय? पाय आखडलेच नव्हते म्हणे. बूट बदलले होते! सगळं थेटर हसत होतं. तीस वर्षं निरीक्षक होतो मी. माझी चूक? ही बदनामी आहे. मी दावा लावणार."

"कोणावर?" दादांनी विचारलं.

"त्या डॉक्टरवर आधी. त्यानंच बाहेर सांगितलं असणार. दुसऱ्या कोणाला ठाऊक होतं?"

दादांनी बायकोकडे बघितलं. बायकोनं छताकडे बघितलं. तेवढ्यात सासरेबुवांची नजर टेबलावरच्या नोटिसांवर गेली. त्यांनी दोन्ही सावकाश वाचल्या. आता घर डोक्यावर घेणार, म्हणून दादांनी डोळे मिटले. पण सासरेबुवांचा चेहरा उजळला.

"वा! जावईबापू, तुम्ही साक्षीदार! हे उत्तम झालं. तुम्ही तर दवाखान्यात माझ्यासोबत होता. तिथे उभं राहून ठणकावून सांगा, की पाय खरोखरच आखडले होते. मी वही घेऊन येतो."

"तुम्ही कशाला त्रास घेता..."

"त्रास कसला? अब्रूचा प्रश्न आहे."

कोर्टानं प्रकरण आधी मध्यस्थीला पाठवलं होतं. एका निवृत्त न्यायाधीशबाईंसमोर बसून आपसात मिटतंय का ते बघायचं. खोलीत लांबट टेबल, अकरा खुर्च्या आणि माणसं चौदा. एका बाजूला काळ्या चष्म्यातला हीरो, दुसऱ्या बाजूला दिग्दर्शक. दोघं एकमेकांकडे बघायचं टाळत होते आणि त्यामुळे दोघंही सतत दादांकडे बघत होते. दादांच्या मागे स्टुलावर सासरेबुवा, मांडीवर वही.

न्यायाधीशबाईंनी दोन्ही प्रतिज्ञापत्रं शेजारी शेजारी ठेवली. चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"ही सही तुमची?"

"हो."

"आणि ही?"

"तीपण."

"यात म्हणता, हे साहेब आवाज करत होते. यात म्हणता, ते साहेब हसत होते. दोघांनी मिळून सांगितली का गोष्ट? आवाज एकाचा आणि हसू दुसऱ्याचं?"

"तसं नाही बाई... म्हणजे तसंच, पण तसं नाही." दादांची बोबडी वळली.

"घाबरू नका. सोपं विचारते. हे साहेब बोलू शकत होते?"

"नाही. ओठाला गोंद होता."

हीरोच्या वकिलीणबाईंनी फाईल आपटली. दिग्दर्शक गालात हसला.

"आणि ते साहेब?"

दिग्दर्शकाचं हसू थांबलं. त्यानं डोळे मोठे करून दादांकडे बघितलं. पंचवीस वर्षांत दादांनी मेकअपखालची एकही गोष्ट बाहेर सांगितली नव्हती. कोणाचे दात, कोणाचं टक्कल, कोणाच्या डोळ्यांखालच्या पिशव्या, सगळं पोटात. ते म्हणाले, "त्यांच्या डोक्याला टॉवेल होता."

"टॉवेलनं तोंड बंद होतं?"

"तोंड उघडलं असतं तर ओघळ आत गेला असता."

"कसला ओघळ?"

दादांनी रुमाल काढला. घाम पुसला.

"अहो, कसला ओघळ?"

"काळा," दादा पुटपुटले.

बाकीच्या तेरा माणसांनी एकाच वेळी दिग्दर्शकाच्या केसांकडे बघितलं. हीरोनं तर काळा चष्मा काढून बघितलं. दिग्दर्शकाचा हात आपोआप डोक्यावर गेला.

"म्हणजे दोघंही बोलू शकत नव्हते," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "मग खोलीत बोलत कोण होतं?"

आता पळवाट उरली नव्हती. दादांनी मागे वळून बघितलं. सासरेबुवा मान हलवून त्यांना धीर देत होते; सांगा, ठणकावून सांगा, असा त्यांचा चेहरा. दादांना वाटलं, यापेक्षा छत कोसळलं तर बरं.

"मी," ते म्हणाले. "गोष्ट मी सांगितली. ही... ही आमच्या सासरेबुवांची गोष्ट आहे."

मागचं स्टूल करकरलं.

"जावईबापू, तुम्ही?" सासरेबुवा उभे राहिले होते. आवाज आधी बारीक निघाला, मग चढला. "तुम्ही सांगितलीत ती सांगितलीत, पण खोटी का सांगितलीत? बाई, माझी बाजू ऐका. पाय आखडले होते. बूट बदललेले नव्हते. पुरावा आहे माझ्याकडे. एक्क्याण्णव दिवसांची मापं आहेत यात. रोज सकाळी सात वाजता, अनशापोटी घेतलेली."

वही टेबलावर आली. न्यायाधीशबाईंनी ती मनापासून वाचली. दोन्ही वकील त्यांच्या खांद्यावरून डोकावू लागले.

"अक्षर फार सुरेख आहे तुमचं," अखेर बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी मऊ झाला होता. "पण हे बघा. पहिल्या दिवशी पाय पंचवीस पूर्णांक चार. तिसाव्या दिवशी पंचवीस पूर्णांक चार. साठाव्या दिवशी तेवढाच."

"आखडणं थांबलं होतं. झालेलं भरून येत नव्हतं."

"आणि शेवटच्या दिवशी? फट शून्य लिहिलीय. पाय मात्र पंचवीस पूर्णांक चारच. मग वाढलं काय?"

सासरेबुवांनी वही हातात घेतली. शेवटचं पान बघितलं, मग पहिलं, मग परत शेवटचं. तीस वर्षं त्यांनी दुकानदारांना एकच गोष्ट ऐकवली होती, की काट्याशी वाद घालायचा नाही. आता काटा त्यांचाच होता. ते हळूच स्टुलावर बसले. दादांना त्यांचा हात धरावासा वाटला, पण धरायचा कुठल्या तोंडानं?

दोन्ही वकील आपापल्या अशिलांना घेऊन बाहेर गेले. इतके दिवस एकमेकांवर गुरगुरणारी ही मंडळी दहा मिनिटांनी एकाच दारातून, एकमेकांना "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करत परत आली. वकिलीणबाईंनी वाचून दाखवलं, की ही कथा दोन्ही कलावंतांना एकाच वेळी, स्वतंत्रपणे आणि परस्परांच्या संपूर्ण आदरानं सुचलेली असून तिचा कोणत्याही जिवंत व्यक्तीशी संबंध नाही. बदनामीचा दावा मागे. श्रेयाचा दावा मागे. हीरो आणि दिग्दर्शकानं मिठी मारली. मिठी मारताना दिग्दर्शकानं डोकं जरा लांबच ठेवलं.

"जिवंत व्यक्ती इथे बसलीय," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "आजोबा, तुमचं काही म्हणणं?"

सासरेबुवांनी वही पिशवीत टाकली.

पुढचे दोन दिवस घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही. सासरेबुवा खिडकीत बसून राहिले. चहा निवून जायचा. बायको दादांसमोर ताट आपटून ठेवायची. "शपथ घेतली होती ना?" एवढंच एकदा म्हणाली. दादांनी माफी मागायला तीनदा बाहेरच्या खोलीचं दार उघडलं. तिन्ही वेळा सासरेबुवा मोजपट्टी हातात घेऊन आपल्या पायाकडे बघत होते. दादा तसेच मागे फिरले.

तिसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली. मध्यस्थीच्या खोलीबाहेर एक वार्ताहर बसून होता, त्यानं सगळं ऐकलं होतं. 'गाजलेल्या सिनेमाचे खरे नायक सापडले', वर दाराच्या फटीतून काढलेला सासरेबुवांचा स्टुलावरचा फोटो. कोपऱ्यात दादांचा कान आला होता.

सकाळी आठला दूधवाला म्हणाला, "आजोबा, तुम्हीच का ते?" नऊला वरच्या मजल्यावरच्या बाई मुलांना घेऊन आल्या. साडेदहाला शाळेतून फोन आला, बक्षीस समारंभाला प्रमुख पाहुणे म्हणून याल का? सासरेबुवा सुरुवातीला नुसतं "हं" म्हणत होते. अकराच्या सुमारास त्यांनी दाढी केली. बारा वाजता त्यांचा आवाज आतल्या खोलीपर्यंत ऐकू येऊ लागला. "त्याचं असं झालं, व्याख्यान संपलं, आणि मी सरळ दुसऱ्याचे बूट घातले! लक्षातच आलं नाही! एवढी मोठी चूक! हा हा हा!"

दादा आणि बायकोनं एकमेकांकडे बघितलं.

"बाबा चूक म्हणाले?" बायकोनं विचारलं.

"दोनदा म्हणाले."

"सिनेमात तुमचं नाव कुठे असतं हो?" थोड्या वेळानं ती जरा मऊपणानं म्हणाली.

"असतं की. शेवटी. लोक उठून निघतात तेव्हा."

दुपारी चारला बेल वाजली. दारात एक स्थूल, वयस्कर गृहस्थ उभे. हातात पेपराची घडी. सासरेबुवा दोन क्षण बघत राहिले आणि मग दोघांनी एकमेकांना कडकडून मिठी मारली. सुजलेल्या पायांचे ते हेच. बायकोनं चहा टाकला. दोघं म्हातारे एकमेकांच्या मांडीवर थापा मारून हसत होते. सगळं गोड झालं असं दादांना वाटलं, आणि आठवड्यात पहिल्यांदाच ते खुर्चीला पाठ टेकून बसले.

"एवढं एक दुरुस्त करून घ्या," चहा संपवून गृहस्थ म्हणाले. "बातमीत लिहिलंय, बूट तुम्ही आधी बदललेत. ते तसं नव्हे."

"म्हणजे?"

"मी आधी बदलले. आभाराचं भाषण चालू असताना मी उठलो. बाहेर येऊन तुमचे बूट मी घातले. तुम्हाला उरलेले घालावेच लागले, त्यात तुमचं कर्तृत्व काय? मूळ चूक माझी."

सासरेबुवांनी कप खाली ठेवला. "आभाराचं भाषण? मी तर अध्यक्ष बोलायला उभे राहिले तेव्हाच उठलो होतो. आधी मी निघालो. चूक माझी आहे."

"अध्यक्षांच्या वेळी माझी डुलकी लागली होती खरी, पण मी त्याच्याही आधी एकदा पाणी प्यायला बाहेर आलो होतो. तेव्हाच घातले."

"पाणी प्यायला कोणी बूट घालतं?"

"मी घालतो! आणि तुम्ही काय हो, तीस वर्षं निरीक्षक. तुम्ही म्हणे चूक केलीत! शोभतं का? बारा वर्षं तर पाय आखडले म्हणून सांगत होता."

"माझी चूक हिरावून घेता? माझ्या घरात बसून?" सासरेबुवा ताडकन उभे राहिले. "ही सरळ बदनामी आहे!"

"लावा दावा! मीही वकील बघतो!"

बायको स्वयंपाकघराच्या दारातून हातानंच खुणा करू लागली, काहीतरी बोला, मिटवा. दादा उठले. दोघांच्या मध्ये जाऊन उभे राहिले. त्यांच्या डोक्यात सगळा गुंता झाला होता, पण एक गोष्ट त्यांना पहिल्यांदाच स्वच्छ दिसत होती, आणि ती आता बोलून टाकायचीच असं त्यांनी ठरवलं.

"माझं ऐका जरा," ते म्हणाले. "खरं सांगायचं तर ही गोष्ट..."

"तुम्ही मध्ये पडू नका, जावईबापू," सासरेबुवा गरजले. "या गोष्टीशी तुमचा काय संबंध?"

गृहस्थांनी दादांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि सासरेबुवांना विचारलं, "हो ना. हे कोण?"